फूटपट्टी आणि पतंग

दोस्तांनो, आज एका भांडणाची गोष्ट सांगते. भांडण आमच्या चौथीच्या वर्गातलं. आणि आधीच कबूल करून टाकते, त्यात सगळ्यात जास्त कोण चुकलं असेल, तर बाई. म्हणजे मीच!

त्याचं असं झालं. परिसर अभ्यासाच्या तासाला शाळेच्या आवाराचा नकाशा काढायचा होता. मी दोघादोघांच्या जोड्या पाडल्या. एका जोडीत एक मुलगा आणि एक मुलगी आली. त्यांची खरी नावं काही सांगणार नाही. फक्त या लेखापुरतं मुलाला म्हणू 'फूटपट्टी' आणि मुलीला म्हणू 'पतंग'.

फूटपट्टीचं काम एकदम चोख. फाटकापासून व्हरांडा किती पावलं, हापसा किती पावलं, कडुनिंबाची झाडं किती, दोन झाडांमध्ये अंतर किती, सगळं त्यानं वहीत टिपलं. पतंग मात्र एका जागी उभी राहून नुसतीच इकडेतिकडे बघत होती. मग तिनं काय केलं, निळा रंगखडू घेतला आणि नकाशावर फाटकापासून हापशावरून थेट मागच्या विहिरीपर्यंत एक वाकडीतिकडी रेघ ओढली.

"हे काय काढलंस?"

"ओढा."

"इथं कुठाय ओढा?"

"आता नाही. पण आधी असणार."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला कळलं."

झालं! दोघं माझ्या टेबलाशी हजर. फूटपट्टी म्हणाला, "बाई, ही खोटं काढतीय!" पतंग म्हणाली, "बाई, ह्याला काही समजतच नाही. नुसता मोजत बसतो!"

मी काय करावं? मी घड्याळाकडे पाहिलं, लाल पेन उचललं आणि त्या निळ्या रेघेवर मोठी फुली मारली. वर म्हणाले, "जे दिसतं तेवढंच काढायचं. मनचं घुसडायचं नाही." वर्ग खो खो हसला. फूटपट्टी खूश झाला. पतंग खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

तुम्हांला वाटेल, संपलं भांडण. मलाही तसंच वाटलं होतं. पण नंतर एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. ही मुलगी दिवसातून दहा वेळा हात वर करून "बाई, पण असं का?" विचारायची. तिचा हात वर येईनासा झाला. दोनतीन आठवडे गेले. एकदा धडा वाचून झाल्यावर मी मुद्दाम तिलाच विचारलं, "सांग बरं, तो म्हातारा परत का आला असेल?" ती उठली आणि म्हणाली, "पुस्तकात दिलेलं नाही, बाई."

मुलांनो, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चूक उत्तर आलं तर ते शिकवून दुरुस्त करता येतं. पण माझ्या फुलीमुळे एका मुलीनं विचार करणंच थांबवलं असेल, तर ती फुली कशानं खोडायची?

मी मानसशास्त्राची जुनी पुस्तकं कपाटातून खाली काढली. त्यांत मला हेच भांडण सापडलं!

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९२१ साली त्यांनी माणसांच्या स्वभावांच्या प्रकारांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी म्हटलंय की, जगाची माहिती मनात घेण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक तऱ्हा म्हणजे डोळ्यांनी, कानांनी, हातांनी जे प्रत्यक्ष कळतं त्यावर भर देणारी. दुसरी म्हणजे त्या गोष्टींमागे काय असेल, पुढे काय होईल, याचा एकदम अंदाज बांधणारी. पुस्तकी भाषेत पहिलीला 'संवेदन' म्हणतात आणि दुसरीला 'अंतःप्रज्ञा'. आपल्या भाषेत सांगायचं तर फूटपट्टी आणि पतंग.

पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी हा विचार उचलला. त्याचं कारण मोठं घरगुती आहे. १९१८ साली इझाबेलचं लग्न झालं. जावई चांगला होता, पण स्वभावानं ब्रिग्ज मंडळींपेक्षा अगदीच निराळा! माणसं इतकी वेगवेगळी का असतात, या प्रश्नाचा कॅथरिनबाईंना ध्यासच लागला. पुढे लेकीनं त्यातूनच एक प्रश्नावली तयार केली. ती १९६२ साली छापून आली आणि आजही जगभर वापरली जाते.

पण थांबा हं! लगेच "मी पतंग, तू फूटपट्टी" असे शिक्के मारत सुटू नका. आजचे बरेच मानसशास्त्रज्ञ या प्रश्नावलीवर आक्षेप घेतात. तेच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरं द्यायला बसलं, तर पुष्कळदा त्याचा प्रकारच बदलतो. शिवाय बहुतेक माणसं ना या टोकाला असतात, ना त्या टोकाला. ती मधेच कुठंतरी असतात. तेव्हा हे दोन कप्पे नाहीत. या दोन सवयी आहेत, आणि दोन्ही थोड्याफार प्रत्येकाजवळ असतात. कुणाची एक जास्त वापरात असते, कुणाची दुसरी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात धडा बाजूला ठेवला आणि एक खरीखुरी गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

डेन्मार्क देशात टायको ब्राहे नावाचा एक सरदार होता. तरुणपणी द्वंद्वयुद्धात त्याच्या नाकाचा तुकडा उडाला होता, म्हणून तो धातूचं नाक लावायचा. त्याला वेड आकाश मोजायचं. तेव्हा दुर्बिणीचा शोध लागलेला नव्हता. पण टायकोनं मोठमोठी यंत्रं बनवली आणि नुसत्या डोळ्यांनी ग्रहताऱ्यांच्या जागा मोजल्या. वीस वर्षांहून जास्त काळ तो त्यांच्या नोंदी करत राहिला. इतकी अचूक मोजमापं त्याच्याआधी युरोपात कुणी केली नव्हती. म्हणजे हा आपला फूटपट्टी.

आणि पतंग कोण? तर योहान केपलर. गरीब घरचा. लहानपणी देवी आल्यानं त्याची नजर अधू झालेली. आकाश नीट बघणं त्याला अवघडच जायचं. पण अंदाज बांधण्यात मोठा पटाईत! ग्रह सूर्यापासून अमुकच अंतरांवर का आहेत, याचं एक सुंदर चित्र त्यानं मनानंच रचलं आणि १५९६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. चित्र फार देखणं होतं, पण पुढे ते चुकीचं ठरलं.

१६०० साली प्रागजवळच्या एका किल्ल्यात हे दोघं भेटले. टायको ५३ वर्षांचा, केपलर २८ वर्षांचा. आणि काय विचारता! भांडणंच भांडणं. टायको आपल्या वह्या हाती लागू देईना. जेवता जेवता एखादा आकडा सांगायचा, की पुन्हा गप्प! पगार, राहणं, काम, सगळ्यावरूनच कुरबुरी. एकदा केपलर रागारागानं निघूनही गेला. मग त्याचा त्यालाच पश्चात्ताप झाला. त्यानं पत्र लिहून माफी मागितली आणि परत आला. टायकोनं त्याला मंगळ ग्रहाचं काम दिलं. पण पुढच्याच वर्षी, १६०१ मध्ये, टायको वारला.

आता खरी गंमत ऐका. मंगळाचा मार्ग गोल आहे असं धरून केपलरनं ढीगभर गणितं केली. सगळं जुळत आलं. पण एके ठिकाणी त्याचं उत्तर आणि टायकोचं मोजमाप यांत ८ कलांचा फरक पडला. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाएवढं अंतर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "जाऊ दे, म्हाताऱ्याचीच मोजताना चूक झाली असेल." केपलर तसं म्हणाला नाही. टायको इतका चुकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं आपली आवडती कल्पना टाकून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा कुठं त्याला समजलं, की मंगळाचा मार्ग गोल नाहीच. तो लंबवर्तुळ आहे! १६०९ साली त्यानं हे पुस्तकात मांडलं.

टायकोजवळ मोजमापं होती, तरी तो शेवटपर्यंत पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, असंच मानत राहिला. केपलरजवळ कल्पना होत्या, पण त्या मोजमापांविना भरकटल्या असत्या.

गोष्ट संपली. वर्ग गप्प. मी पतंगकडे वळले आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते आता विचारलं, "तिथं ओढा असेल असं तुला वाटलं, तेव्हा तुला काय काय दिसलं होतं?"

ती आधी बोलेचना. मग हळूच म्हणाली, "पाऊस पडला की फाटकाशीच तळं साचतं. आणि उन्हाळ्यात सगळं गवत वाळलं तरी हापशापर्यंतचा पट्टा हिरवा राहतो. आणि बाई, आपली कडुनिंबाची झाडं सरळ रांगेत नाहीत. ती वाकडी गेलीत. नदीकाठी असतात ना, तशी."

पाहा बरं! म्हणजे तिनं 'मनचं' काही घुसडलं नव्हतं. तीन खुणा तिच्या नजरेनं टिपल्या होत्या. फक्त मधल्या पायऱ्या न सांगता ती एकदम शेवटच्या पायरीवर उभी राहिली होती. म्हणून आम्हांला ते खोटं वाटलं.

तेवढ्यात फूटपट्टी वही चाळत उठला. "बाई, झाडांची अंतरं माझ्याकडे लिहिलेली आहेत. खरंच वाकडी आहेत झाडं." मग जरा थांबून म्हणाला, "पण जमिनीला उतार असल्याशिवाय ओढा कसा? मी मोजून दाखवतो. नसेल, तर हिनं रेघ खोडायची."

त्याचे वडील गवंडी. दुसऱ्या दिवशी तो त्यांची पाण्याची नळी घेऊन आला. पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि दोन्ही टोकं दोन जागी उभी धरायची. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं. मग पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. जिथं अंतर जास्त, तिथं जमीन खोल. मधल्या सुटीत सगळा वर्ग नळीमागे!

निकाल काय लागला? फाटकापासून हापशापर्यंत जमीन खरोखरच खोलगट निघाली. पतंग नाचायलाच लागली. पण हापशाच्या पुढे विहिरीकडे जमीन चढत गेलेली. उतार होता तो रस्त्याच्या भिंतीकडे. म्हणजे ओढा असलाच, तर विहिरीकडे जात नव्हता. पतंगनं आपण होऊन अर्धी रेघ खोडली आणि नवी काढली. संध्याकाळी दोघं मिळून गावातल्या एका आजोबांकडे गेले. आजोबा म्हणाले, "होता की ओहोळ! रस्ता केला तेव्हा मुरूम टाकून बुजवला."

तो नकाशा आज आमच्या वर्गात लावलेला आहे. त्यावर माझी लाल फुलीही तशीच आहे. मी पुसू दिली नाही. शेजारी माझ्याच हातानं लिहिलंय, "ही चूक बाईंची."

दोघांची पक्की मैत्री झाली का? छे! अजूनही भांडतात. पण आता 'खोटारडी' आणि 'मठ्ठ' हे शब्द ऐकू येत नाहीत. तो विचारतो, "कशावरून?" आणि ती विचारते, "मोजून बघतोस का?"

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. घरात एखादं मूल "आधी नक्की काय करायचं ते सांगा" म्हणून पायरी पायरी विचारतं, तर त्याला मंद म्हणू नका. दुसरं एखादं सांगितलेलं काम सोडून भलतंच बोलतं, तर त्याला थापाड्या म्हणू नका. खरी थाप आणि अंदाज यांतला फरक एका प्रश्नात कळतो. "तुला काय दिसलं?" असं शांतपणे विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मी तीन आठवडे उशिरा विचारलं. तुम्ही त्याच दिवशी विचारा.

या आठवड्याचा उद्योग: घरातलं एक माणूस सोबत घ्या. दोघांनी अंगणातली किंवा खिडकीबाहेरची एकच जागा पाच मिनिटं बघा. न बोलता दोघांनी आपापल्या कागदावर लिहा. डाव्या बाजूला 'काय दिसलं', उजव्या बाजूला 'काय वाटलं'. मग कागद बदलून वाचा. समोरच्याच्या कागदावर जे आहे आणि तुमच्या कागदावर नाही, त्याखाली रेघ मारा. फुली मात्र मारायची नाही हं!

तुमच्या,
बाई