गिअर घसरतो म्हणून बॉक्स उतरवायचा?

जुनी ऑटोमॅटिक गाडी गॅरेजच्या दारात येते. मालक सांगतो, "पाय दाबला की इंजिन ओरडते, पण गाडी उचलत नाही." उस्ताद एक फेरी मारतो आणि निकाल देतो, "प्लेटा गेल्या. बॉक्स उतरवावा लागेल." मालकाचा चेहरा पडतो, कारण वीस वर्षे जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचे काम पुष्कळदा गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाते. मग एक तर तो उसनवारी करून काम करवून घेतो, नाही तर गाडी भंगाराच्या भावात काढून टाकतो. दोन्ही वेळा निर्णय उस्तादाच्या एका वाक्यावर होतो. ते वाक्य मोजून उच्चारलेले होते की अंदाजाने, हा प्रश्न कारागीर बंधूंनी स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

आमचे मत असे की, निदान हे स्वतंत्र काम आहे. ते क्रमाने करावे, कागदावर लिहावे आणि त्याची मजुरी उघडपणे वेगळी घ्यावी. जो कारागीर निदान फुकट करतो त्याला पैसे मिळवण्यासाठी बॉक्स खोलावाच लागतो. अप्रामाणिकपणा बहुतेक वेळा मनात नसतो, तो या हिशेबात दडलेला असतो.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच गिअरबॉक्स उदाहरणाला घेऊ. मर्सिडीजने १९९६ साली पाच गिअरचा, संगणकाच्या आज्ञेवर चालणारा ऑटोमॅटिक बॉक्स बाजारात आणला. कारागिरांत तो ७२२.६ या क्रमांकाने ओळखला जातो. ई-५५ एएमजी ही ५.४ लिटरच्या आठ सिलिंडरची, ३५४ अश्वशक्तीची गाडी याच बॉक्सवर चालली. तिची पुढची, सुपरचार्जर लावलेली पिढी ४७६ अश्वशक्ती आणि ७०० न्यूटन-मीटर जोराची होती. तिलाही हाच बॉक्स होता. २००३ साली सात गिअरचा नवा बॉक्स आला, तरी सर्वांत ताकदवान इंजिनांसाठी कंपनीने हा पाच गिअरचाच ठेवला. १००० न्यूटन-मीटरच्या एस-६५ गाडीचा भारही त्याने उचलला.

एएमजी गाड्या आखाती देशांत पुष्कळ आहेत, आणि तेथील गॅरेजांत कोकणातले आपले कितीतरी कारागीर काम करतात. इकडे पुण्यात १९९५ पासून मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. याच कुळातला बॉक्स असलेल्या साध्या ई-क्लास गाड्या मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत आजही येतात. म्हणून हे उदाहरण दोन्हीकडच्या वाचकांच्या कामाचे आहे.

आता विचार करा. जो बॉक्स १००० न्यूटन-मीटरचा जोर सोसतो, त्याच्या प्लेटा साध्या गाडीत उगाच जळत नाहीत. त्या जळल्या असतील तर कारण शोधले पाहिजे, आणि बऱ्याचदा त्या जळलेल्याच नसतात. या बॉक्सची लोखंडी कामे मजबूत आहेत. त्याच्या भोवतालच्या वस्तू, म्हणजे सेन्सर, वायरिंगचा जोड, ऑइल आणि रेडिएटर, या कमजोर आहेत.

पहिली गोष्ट, घसरणे म्हणजे नेमके काय ते ओळखावे. या बॉक्सच्या संगणकाला काही गडबड दिसली की तो बॉक्स वाचवण्यासाठी गिअर बदलणे बंद करतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की फक्त दुसरा गिअर आणि रिव्हर्स मिळतो. अशा अवस्थेत ८० च्या वेगाला आरपीएमचा काटा चार हजारांच्या आसपास जातो. मालकाला वाटते गिअर घसरतो आहे. प्रत्यक्षात काहीच घसरत नाही, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली असते. अशा गाडीचा बॉक्स उतरवणे म्हणजे दाराची कडी अडकली म्हणून भिंत पाडणे होय.

अडकण्याचे कारण बहुधा बॉक्सच्या आतल्या विजेच्या पट्टीत असते. ऑइलचे चेंबर उघडले की वर व्हॉल्व्ह बॉडीला लागून ती दिसते. तिच्यावर दोन वेगाचे सेन्सर आहेत आणि वयानुसार ते दगा देतात. पट्टी बदलायला बॉक्स उतरवावा लागत नाही, चेंबर उतरवून काम होते.

त्याहून स्वस्त वस्तू म्हणजे बॉक्सच्या बाजूला असलेला तेरा पिनांचा जोड. त्याच्या रबरी रिंगा कडक होतात आणि ऑइल झिरपते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे हे ऑइल वायरींच्या आतून वर चढत थेट संगणकापर्यंत पोहोचते. म्हणून संगणकाचा प्लग काढून तिथे बोट लावून पाहावे. बोट तेलकट झाले तर अर्धे निदान तिथेच झाले.

दुसरी गोष्ट ऑइलची. या बॉक्सला ऑइल मोजण्याची नळी आहे, पण तिच्यात पट्टी नाही. कंपनीने नळीचे तोंड सीलबंद करून दिले आणि सुरुवातीला सांगितले की हे ऑइल गाडीच्या आयुष्यभर चालते. पुढे कंपनीनेच साठ हजार किलोमीटरवर ऑइल बदलण्याची सूचना काढली. पण दरम्यान कित्येक गाड्यांचे ऑइल कोणी कधी पाहिलेच नाही. मोजायची पट्टी वेगळी विकत मिळते आणि प्रत्येक गॅरेजात ती असावी.

पातळी पाहण्याची रीत अशी: गाडी सपाट जागी, इंजिन चालू, गिअर पी वर आणि ऑइल ८० अंश तापलेले. यात एक खोच आहे. पी आणि एन मध्ये स्कॅनर ऑइलचे खरे तापमान दाखवत नाही, कारण तापमानाचा सेन्सर आणि स्टार्टर अडवणारा संपर्क एकाच वायरीवर आहेत. म्हणून ब्रेक दाबून डी मध्ये टाकावे, तापमान वाचावे आणि मग पी मध्ये आणून पट्टी बुडवावी. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतो. जास्त असेल तर फेस होतो आणि परिणाम तोच. थंड गाडीत अंदाजाने भरलेल्या ऑइलने चांगल्या बॉक्सलाही आजारी केले आहे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, मोजमापाची. इंजिनाची ताकद आधी टॉर्क कन्व्हर्टरमधून जाते, मग प्लेटांच्या क्लचमधून. घसरण यांपैकी कोणत्या टप्प्यात आहे, हे स्कॅनरवर चालू आकडे पाहून कळते. इंजिनाचा आरपीएम आणि कन्व्हर्टरच्या पलीकडच्या शाफ्टचा, म्हणजे टर्बाइनचा, आरपीएम यांत फरक असेल तर तो कन्व्हर्टरचा. टर्बाइन आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट यांच्यातला हिशेब चुकला तर दोष प्लेटांकडे जातो.

हा हिशेब पाचवीच्या मुलालाही जमेल. ताकदवान इंजिनांबरोबर येणाऱ्या मोठ्या बॉक्सचे गुणोत्तर पहिल्या गिअरला ३.५९, दुसऱ्याला २.१९, तिसऱ्याला १.४१, चौथ्याला १ आणि पाचव्याला ०.८३ आहे. तिसऱ्या गिअरमध्ये बाहेरचा शाफ्ट २००० फिरत असेल तर टर्बाइन २८२० फिरले पाहिजे. ते ३१०० दाखवत असेल तर घसरण खरी आहे. २८२० च दाखवत असेल तर प्लेटांना दोष देऊ नका.

पण येथेही घाई नको. या बॉक्सला बाहेरच्या शाफ्टचा स्वतंत्र सेन्सर नाही. तो वेग चाकांच्या एबीएस सेन्सरवरून काढला जातो. म्हणजे चाकाचा सेन्सर खराब झाला, किंवा मागच्या दोन चाकांना चुकीच्या मापाचे टायर बसवले, तरी संगणक "गिअरबॉक्स घसरतो" असा कोड टाकू शकतो. एएमजी गाड्यांत पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे हा गोंधळ सहज होतो. कोड वाचण्याआधी टायरवरचे आकडे वाचावेत, त्याला पैसे पडत नाहीत.

घसरण खरी ठरली, तर कोणती प्लेट, हेही बाहेरूनच कळू शकते. के-१ हा क्लच दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये काम करतो. के-२ तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यात. बी-२ हा ब्रेक पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्यात. पहिला-दुसरा गिअर घट्ट आणि पुढचे तिन्ही घसरतात, तर संशय के-२ वर. पहिले तीन घसरतात आणि चौथा-पाचवा ठीक, तर बी-२ वर. सगळेच गिअर घसरत असतील तर एकाच वेळी सगळ्या प्लेटा गेल्या असे मानण्यापेक्षा ऑइल, पंप आणि दाब यांच्याकडे पाहणे शहाणपणाचे.

दाबाबद्दल दमदार गाड्यांच्या संदर्भात एक विशेष सांगायचे आहे. प्लेटांवर किती दाब द्यायचा हे गिअरचा संगणक स्वतः ठरवत नाही. इंजिनाचा संगणक "मी इतका जोर देतो आहे" असे सांगतो आणि त्यावरून दाब ठरतो. हवा मोजणारा सेन्सर खराब असेल तर जोर कमी सांगितला जातो, दाब कमी पडतो आणि गिअर सैल बदलतात. सुपरचार्जरची पुली बदलून किंवा चिप भरून ताकद वाढवलेल्या गाडीतही हेच होऊ शकते: जोर वाढला, पण गिअरच्या संगणकाला तो पूर्ण कळलाच नाही. अशा गाडीत नव्या प्लेटा टाकल्या तरी त्याही जळतील. म्हणून इंजिनावर काय काम झाले आहे, हे मालकाला आधी विचारावे.

ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची जुनी परीक्षा अशा गाडीवर करू नये. ७०० न्यूटन-मीटरचा जोर उभ्या गाडीत कन्व्हर्टरमध्ये कोंडला तर ऑइल काही सेकंदांतच उकळायला लागते. रोग तपासताना रोगी दगावण्यातला हा प्रकार आहे.

रेडिएटरचा मुद्दा तर व्यापारी बंधूंनीही नीट वाचावा, कारण जुने बॉक्स विकणाऱ्यांचे नुकसान यातच होते. या गाड्यांत गिअरचे ऑइल रेडिएटरच्या आतल्या नळीत थंड होते. सन २००० नंतरच्या काही वर्षांतल्या गाड्यांत ही आतली नळी फुटण्याचे प्रकार झाले आणि कूलंट गिअरच्या ऑइलमध्ये शिरले. कूलंट जास्त शिरले तर ऑइल गुलाबी दुधासारखे दिसते. थोडे शिरले तर डोळ्यांना कळत नाही, पण कन्व्हर्टरच्या क्लचचे अस्तर तेवढ्यानेही बिघडते आणि सावकाश चालवताना गाडी थरथरते. त्यासाठी रासायनिक चाचणी मिळते, ती करावी. अशा गाडीत रेडिएटर न बदलता कुर्ल्याच्या बाजारातून जुना बॉक्स आणून बसवला तर तोही मरतो. मग कारागीर म्हणतो माल खराब होता, व्यापारी म्हणतो बसवणाऱ्याने बिघडवला, आणि दोघांची वर्षांची ओळख तुटते. वास्तविक दोघेही निर्दोष असतात, दोष त्या रेडिएटरचा असतो.

सर्वांत शेवटी चेंबर उघडावे. चुंबकावर बारीक करडा लेप दिसला तर घाबरण्याचे कारण नाही, एवढी झीज होतेच. पण काळे तुकडे, धातूचे कण आणि जळका वास असेल तर मालकाला स्पष्ट सांगावे की बॉक्स खोलावा लागेल. अशा वेळी नवे ऑइल घालून गाडी परत पाठवणे हीसुद्धा फसवणूकच आहे. नवे ऑइल जळलेल्या प्लेटेला जीव देत नाही. "जुन्या बॉक्सचे ऑइल बदलले की तो बसतो" ही समजूत याच प्रकारातून पसरली आहे. आधीच मरू लागलेल्या बॉक्सला लोक अखेरचा उपाय म्हणून ऑइल देतात आणि पुढे खापर ऑइलवर फोडतात.

काही बंधू म्हणतील, नुसते तपासण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. खरे आहे, मागितले नाहीत तर देत नाही. पण हकिमाने नाडी पाहिली तर आपण नजराणा देतोच, औषध घेवो वा न घेवो. तपासणीचा दर फलकावर लिहावा. तपासणी झाल्यावर मालकाच्या हाती एक कागद द्यावा: कोणते कोड निघाले, ऑइलची पातळी किती होती, कोणत्या गिअरमध्ये आकडे किती चुकले. काम आपल्याकडे झाले तर हे पैसे बिलातून वजा करावेत. मालक तो कागद घेऊन दुसऱ्या गॅरेजात गेला तरी बिघडत नाही. त्या कागदावर आपल्या गॅरेजचे नाव असते, आणि पुढच्या वेळी तो त्या नावाकडेच येतो.

याचा आणखी एक लाभ आहे. आपल्या गॅरेजांतले शागीर्द बॉक्स खोलायला आणि बांधायला शिकतात, पण खोलण्यापूर्वीचा विचार त्यांना कोणी शिकवत नाही. उस्तादाने आकडे कागदावर लिहिले तर शागीर्द ते वाचेल, विचारेल आणि शिकेल. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपकडे जातात, आपल्याकडे येतात त्या जुन्या गाड्या. जुन्या गाडीचा मालक आपल्याकडे स्वस्त म्हणून येतो, पण टिकतो तो विश्वासामुळे. उद्या सकाळी "गिअर घसरतो" म्हणून गाडी आली, तर जॅककडे हात जाण्याआधी टायर पाहा, ऑइल मोजा, संगणकाच्या प्लगला बोट लावा आणि स्कॅनरचे आकडे वहीत उतरवा. त्यानंतर बॉक्स उतरवायचा ठरला, तर तो खुशाल उतरवा.