बाटलीवरचे नाव आणि बाटलीतला माल

मद्य हा आपल्याकडे एकतर नीतीचा विषय असतो किंवा महसुलाचा. विकली जाणारी वस्तू म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच होते. राज्य मंत्रिमंडळाने 10 जून 2025 रोजी घेतलेला उत्पादन शुल्कवाढीचा निर्णय याला अपवाद नव्हता. 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत देशी दारूसाठी 80 रुपये, धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकारासाठी 148, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी 205 आणि उच्च प्रतीच्या विदेशी मद्यासाठी 360 रुपये अशी चार पायऱ्यांची उतरंड त्यातून निर्माण झाली. तिजोरीत 14 हजार कोटी रुपयांची भर पडेल, अशी अपेक्षा होती. मुंबई-नाशिक महामार्गावरील पडघ्यात गोदामातला हमाल कोणत्या पायरीवर थांबेल, हे त्याचा खिसा ठरवील. परंतु पायरीगणिक मालात नेमका काय फरक पडतो, हे त्याला कोण सांगणार?

या संदर्भात अमेरिकेतील राय व्हिस्कीचे उदाहरण उद्बोधक आहे. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. ते थंड हवेत आणि हलक्या जमिनीतही येणारे, गव्हासारखे धान्य आहे. तेथील कायद्यानुसार आंबवणाच्या धान्यात किमान 51 टक्के राय असावी लागते. ऊर्ध्वपातनात मद्यार्काचे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर नेता येत नाही, कारण त्यापुढे धान्याची चव उरत नाही. शिवाय ते आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावे लागते. ‘स्ट्रेट’ म्हणवून घ्यायचे तर किमान 2 वर्षे. त्यामुळे दोन पेल्यांची तुलना अर्थपूर्ण ठरते. 51 टक्क्यांच्या आसपासच्या मद्यात मक्याचा गोडवा पुढे येतो. 95 टक्के राय असलेल्यात मिरीसारखा तिखटपणा आणि कोरडेपणा जाणवतो. लेबल झाकून, थोडे पाणी घालून चाखणारा जाणकार हा फरक ओळखतो. कारण नावामागे व्याख्या आहे आणि व्याख्येमागे कायदा.

हा कायदा सुखासुखी आलेला नाही. भेसळीच्या सुळसुळाटामुळे 1897 मध्ये सरकारी देखरेखीखाली 4 वर्षे मुरवलेल्या मद्याला हमी देणारा कायदा तेथे करावा लागला. आपल्याकडे मात्र उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटच्या मिश्रणालाही व्हिस्की म्हणण्याची मुभा आहे. युरोपीय संघात त्याच मिश्रणाला ते नाव लावता येत नाही. भारतीय सिंगल माल्टने जगात नाव कमावले असले, तरी सामान्य ग्राहकाच्या वाट्याला ते येत नाही. त्याच्या पेल्यात धान्य किती आणि मळी किती, याची तुलना जीभ करू शकत नाही आणि किंमतही सांगत नाही.

याचे मूळ जुन्या धोरणात आहे. शासनाने मद्याकडे पाहिले ते करवसुलीच्या चष्म्यातून. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून उत्पादन मोजक्या मक्तेदारांकडे सोपवले. 1892 च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या संग्रहावरच निर्बंध घातले. म्हणजे पडघ्याच्या परिसरातील आदिवासींच्या दारातले झाड त्यांचे राहिले, पण त्याचे फूल संशयास्पद ठरले. महाराष्ट्राने हे निर्बंध सैल केले ते 2021 मध्ये. दरम्यान गोव्याने काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले आणि मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्याचा दर्जा दिला.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, घातक वस्तूची व्याख्या काटेकोर करणे म्हणजे तिला प्रतिष्ठा देणे होय. आक्षेपामागची कळकळ खरी आहे. दारूने मोडलेले संसार कोणत्याही लेबलाने सावरणार नाहीत. परंतु अज्ञानाने कोणी व्यसनमुक्त होत नाही. उलट, अधिकृत बाटली खिशाला परवडेनाशी झाली की गरीब माणूस हातभट्टीकडे वळतो. जून 2015 मध्ये मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते सारे हातावर पोट असलेले होते. दीड पट कर वाढवणाऱ्या शासनाने हा धोका हिशेबात धरलाच पाहिजे.

नव्या प्रकाराच्या व्याख्येत ‘धान्याधारित’ हा शब्द आला, ही चांगली सुरुवात आहे. पण कोणते धान्य, किती टक्के, किती काळ मुरवलेले, हे प्रत्येक बाटलीवर ठळक मराठीत छापण्याची सक्ती झाली तरच त्या शब्दाला अर्थ येईल. खताच्या गोणीवर नत्र-स्फुरदाचे प्रमाण छापणे जेथे बंधनकारक आहे, तेथे ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. जो कर घेतो, त्याने मालाची ओळखही द्यावी; व्यापाराचा हा साधा नियम शासनालाही लागू आहे.