कपाळावरची नोंद

१/ शिक्षा भोगून झाली की माणूस मोकळा, असे आपण मानतो. इतिहास वेगळे सांगतो. आजचा धागा ‘गोदना’ या शिक्षेविषयी आणि तिच्या कागदी वारसांविषयी.

२/ कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९७ च्या नियमान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव व गुन्हा गोंदवण्यास प्रारंभ केला. पुढे ठगांनाही तोच शिक्का बसला. आपल्याकडे गोंदण म्हणजे लेणे. आजीच्या हातावरची हिरवी तुळस अनेकांनी पाहिली असेल. तीच सुई येथे अपराधाचे जाहीर पत्रक लिहू लागली. पळालेला कैदी ओळखता यावा, हा सरकारचा हेतू. मात्र सुटलेल्यालाही ते कपाळ बदलता येत नसे. मग पागोटे भुवयांपर्यंत ओढायचे, एवढाच उपाय.

३/ १८४९ मध्ये कायद्याने ही प्रथा थांबली. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय उघडले. नोंद कातडीवरून कागदावर आली.

४/ आज नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात प्रश्न असतो : आपणांस कधी दोषी ठरवण्यात आले आहे काय? या ‘कधी’ला मुदत नाही. विशीतली मारामारी चाळिशीतही सांगावी लागते. लपवली तर तो वेगळा दोष.

५/ याउलट लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ८ पाहा. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला पुढारी सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणुकीस उभा राहू शकतो. आमदारकीच्या अपात्रतेला अंत आहे, शिपायाच्या अर्जातील प्रश्नाला नाही. (पुढाऱ्यांवर आजन्म बंदी घाला, असे मी म्हणत नाही.)

६/ कायद्याला हे उमगलेच नव्हते असे नाही. परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम १२ सांगते की, परिवीक्षेवर सोडलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये. परंतु १९९० च्या बक्षी राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कलमाने दोषसिद्धी पुसली जात नाही. खाते त्या आधारे बडतर्फ करू शकते. आणि तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्यास तर या कलमाचा आधारच नाही.

७/ इंग्लंडने १९७४ मध्ये कायदा करून ठरावीक काळानंतर बहुतेक जुन्या दोषसिद्धी ‘संपल्या’ असे मानले. गोदना आपल्याला देणाऱ्यांनीच स्वतःच्या घरी ही सोय केली. आपल्या नमुन्यातील त्या प्रश्नापुढे निदान ‘गेल्या सात वर्षांत’ एवढे शब्द जोडावेत, ही माझी मागणी. सातच का, यावर वाद घाला. मी तयार आहे.