म्हाताऱ्या बैलाला दया, म्हाताऱ्या माणसाला पाच किलो

वृद्धांचा प्रश्न म्हटला की आपल्याकडे चर्चा दोनच ठिकाणी येऊन थांबते. एक वृद्धाश्रम आणि दुसरे पेन्शन. आयुष्यभर राबलेला माणूस म्हातारपणी रोज खातो काय, त्याच्या ताटातून गेल्या पन्नास-साठ वर्षांत काय काय गेले आणि ते कोणी नेले, याची चौकशी सहसा होत नाही. सरकारी फायलीत तिला जागा नाही आणि चळवळीच्या व्यासपीठावरही हा विषय क्वचितच निघतो. म्हणून आज तो मांडत आहोत.

काल्हेर हे ठाणे-भिवंडी रस्त्यावरचे, खाडीला लागून असलेले गाव. आज येथे गोदामे, फर्निचरची दुकाने आणि उंच इमारती दिसतात. काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यातील गोदामांतून साऱ्या महानगराला माल जातो आणि त्यात खाण्याचा मालही आलाच. कोर्टाच्या कामाने आणि वस्तीतल्या बैठकांच्या निमित्ताने आम्ही या भागात वर्षानुवर्षे फिरत आलो आहोत. येथे दोन प्रकारचे म्हातारे भेटतात. एक मूळचे आगरी-कोळी भूमिपुत्र. दुसरे मराठवाडा, खानदेशातून मागावर आणि हमालीवर पोट भरायला आलेले. त्यांत आपली माणसे पुष्कळ आहेत.

पहिल्या प्रकारच्या आजोबांना विचारा. घरच्या शेतातला जाडा तांदूळ, त्याची भाकरी, सकाळची पेज. खाडीतले निवटे, चिंबोऱ्या, जवळा. पावसाळ्यासाठी वाळवून ठेवलेली सुकट आणि बोंबील. भात कापून झाला की त्याच ओलीवर वाल. हे सगळे विकत आणावे लागत नव्हते. शेतावर गोदाम उभे राहिले, खाडीत सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायन आले. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांतल्या काहींचे बंगले झाले, हे खरे. परंतु पैसा मुलांच्या हाती आणि म्हातारा घरात बसून चहात बिस्किट बुडवतो आहे, असेही चित्र आहे.

दुसऱ्या प्रकारच्या आजीला विचारा. ती ज्वारीची भाकरी सांगेल, अंबाडीची भाजी सांगेल, हुलग्याचे माडगे आणि करडईचे तेल सांगेल. १९७२ च्या दुष्काळाचे नाव काढले की मिलो आणि सुकडी सांगेल. खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी खाऊन जगलेली ती पिढी आज सत्तरी ओलांडून पुढे गेली आहे. आज तिच्या ताटात काय आहे? रेशनचा पांढरा भात, पातळ आमटी, पामतेलातली भाजी आणि दिवसातून तीन-चार वेळा साखरेचा चहा. पोट भरते. अंगाला लागत नाही.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. आमच्या आजा-पणजाच्या ताटात सोने नव्हते. तेथे मागून आणलेले शिळे तुकडे होते आणि मेलेल्या ढोराचे मांस होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा आग्रह धरला आणि आमच्या माणसांनी ते सोडले. पदरात दुसरे काही नसताना सोडले! आहाराच्या इतिहासात एवढा मोठा बदल एखाद्या समाजाने स्वतःच्या निर्धाराने केल्याची उदाहरणे फार नसतील. तेव्हा ताट बदलते याचे आम्हास दुःख नाही. १९२७ साली ताट बदलणारा हात आपला होता. नंतरच्या काळात जे बदलले ते मात्र कोणी आम्हास विचारून बदललेले नाही.

देशाच्या पातळीवरचा एकच आकडा पुरेसा आहे. १९६१ साली भारतात माणशी दररोज ६९ ग्रॅम डाळ व कडधान्य उपलब्ध होते. २००१ साली ते ३० ग्रॅमवर आले. पुढे त्यात काही सुधारणा झाली, परंतु ६९ चा टप्पा पुन्हा गाठता आला नाही. ज्या काळात ही घसरण झाली तोच काळ आजच्या म्हाताऱ्यांच्या तारुण्याचा, कष्टाचा आणि बाळंतपणांचा होता. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. सरकारी खरेदी, कोठारे आणि रेशन दुकान ही सारी साखळी प्रामुख्याने गहू-तांदळाभोवती उभी राहिली. त्यामुळे दुष्काळातली उपासमार टळली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्वारी, हुलगा, वाल, करडई या साखळीच्या बाहेर राहिले आणि गरिबाच्या ताटात तेच येत गेले जे दुकानात आले.

आता २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा पाहा. गर्भवती व स्तनदा मातांसाठी त्यात कलम ४ आहे, बालकांसाठी कलम ५ आणि कुपोषित बालकांसाठी कलम ६. हे असलेच पाहिजे. परंतु वृद्धाच्या आहारासाठी वेगळे कलम नाही. परिशिष्ट ३ मध्ये ज्येष्ठांना पुरेशी पेन्शन मिळावी, असे उद्दिष्ट तेवढे लिहून ठेवले आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत म्हातारा हा शिधापत्रिकेवरचा एक युनिट. प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो धान्य; १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत. मोफत आहे म्हणून टाळ्या वाजवण्यापूर्वी हिशोब करा. दोन किलो गहू आणि तीन किलो तांदूळ धरला तर दिवसाला साधारण १५ ग्रॅम प्रथिने पडतात. ५० किलो वजनाच्या माणसाला किमान ४० ग्रॅम तरी हवीत, आणि वय वाढते तसे स्नायू झिजू लागतात म्हणून थोडी जास्तच हवीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. उरलेली कोठून आणायची? पेन्शनमधून? श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली १५०० रुपये झाली. दिवसाला ५० रुपये. त्यातूनच औषध, रिक्षाभाडे आणि नातवाचा खाऊ. केंद्राचा वाटा तर ६० ते ७९ वयासाठी २००७ पासून २०० रुपयांवरच अडला आहे.

देशातील ज्येष्ठांच्या २०१७-१८ च्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या सुमारे २७ टक्के लोकांचे वजन असायला हवे त्याहून कमी आढळले. त्याच पाहणीत सुमारे २२ टक्क्यांचे वजन जास्त होते. काल्हेरात ही दोन्ही टोके एकाच रस्त्यावर भेटतात, कधी एकाच घरात.

गरिबाच्या घरी स्वस्तात मिळणारे प्रथिन कोणते होते, हे आम्ही लपवणार नाही. मोठ्याचे मांस. म्हाताऱ्याला ताकद यावी म्हणून त्याचाच रस्सा दिला जाई. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी मार्च २०१५ मध्ये लागू झाली. बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम ५-ड घटनाबाह्य ठरवले. म्हशी-रेड्यांना ही बंदी लागूच नाही. पण वस्तीतली भीती कलमे वाचत बसत नाही. पिशवी तपासली जाईल या धाकाने कित्येक घरांतून ते बंदच झाले.

येथे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. १९५८ साली कुरेशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते की, दूध, तूप, फळे ज्यांना परवडत नाहीत त्या गरिबांच्या आवाक्यातले हे मांसही काढून घेतले तर त्यांचे कुपोषण होईल. ४७ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००५ रोजी, गुजरातच्या मिर्झापूर प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने वेगळी भूमिका घेतली. ज्या जनावराने आयुष्यभर सेवा केली त्याला म्हातारपणी निरुपयोगी ठरवून कत्तलखान्यात पाठवणे हा कृतघ्नपणा आहे, दुर्बलाला अधिक करुणेची गरज असते, अशा आशयाचे विवेचन त्या निकालात आहे.

करुणेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आम्ही बुद्धाचे अनुयायी आहोत. आमचा प्रश्न एवढाच आहे की, आयुष्यभर सेवा करून थकलेल्या जिवाचा हाच न्याय काल्हेरच्या गोदामात चाळीस वर्षे गोणी वाहिलेल्या हमालाला लागू का होत नाही? मिर्झापूर निकालाला राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८ चा आधार मिळाला. त्याच्या अगदी आधीचा अनुच्छेद ४७ जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवतो. अनुच्छेद ४१ म्हातारपणी सार्वजनिक साहाय्य मिळण्याबद्दल बोलतो. तिन्ही एकाच भागातली मार्गदर्शक तत्त्वे, तिन्हींचा दर्जा एकच. एका तत्त्वासाठी तुरुंग बांधला आणि उरलेल्या दोघांच्या वाट्याला रोजचे ५० रुपये. मनुवादी मनाची प्राधान्ये कशी चालतात याचा आणखी पुरावा कशाला हवा?

दाताचा विषय कोणी काढत नाही, म्हणून आम्ही काढतो. आमच्या पाहण्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची तक्रार भूक नसल्याची नसून चावता येत नसल्याची आहे. दात गेले की भाकरी जाते, मग मांस, कडधान्याची उसळ, कच्चा कांदा जातो. उरतो मऊ भात आणि बिस्किट. सून म्हणते, ते खातच नाहीत. खातील कशाने? केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना एप्रिल २०१७ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मोफत देण्याची तरतूद तिच्यात आहे. शिबिरांचे फोटो पाहा, काठ्या आणि व्हीलचेअर दिसतात. कवळी फोटोत दिसत नाही म्हणून की काय, तिचा प्रचारही दिसत नाही.

घरातल्या ताटाबद्दलही बोलले पाहिजे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि आजी मात्र सर्वांच्या शेवटी, उरलेल्यात जेवते, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. अंडे नातवाला, दूध नातवाला. म्हातारीला कशाला, असे म्हातारीच म्हणते. तिची ही सवय त्याग म्हणून गौरवू नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतला पहिला शब्दच अन्न आहे. मुले सांभाळत नसतील तर प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. वकील लावण्याची गरज नाही, हे वकील असूनही सांगतो.

रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्यांचेही तसेच. हाताच्या रेषा कामाने झिजल्या, यात त्यांचा अपराध नाही. केवळ आधार पडताळणी झाली नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच दिल्या आहेत. दुकानदाराला त्या दाखवाव्यात आणि नकार लेखी मागावा. लेखी मागितले की बहुधा धान्य मिळते.

राहिली मुख्य मागणी. तामिळनाडूत १९८३ पासून वृद्ध पेन्शनधारकांना पोषण आहार केंद्रात दुपारचे जेवण देण्याची सोय केली गेली. महाराष्ट्रात अंगणवाड्या आहेत, शाळांची स्वयंपाकघरे आहेत. साठीपुढच्या गरिबाला तेथे रोज डाळ-भाजीचे मऊ जेवण आणि खाणाऱ्यास अंडे, एवढे देता येणार नाही काय? अडचण पैशाची सांगितली जाईल. याच राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला, तेव्हा मागणी सोपी आहे असे आम्ही समजत नाही. तोवर काल्हेर-काशेळी भागातील कार्यकर्त्यांनी वस्तीवार तीन याद्या कराव्यात: पेन्शन नसलेले, अंगठ्यामुळे धान्य अडलेले आणि दात नसलेले. पहिल्या दोन याद्या भिवंडी तहसील कार्यालयात द्यायच्या. तिसरी जिल्हा समाजकल्याण कार्यालयात द्यायची आणि पोच घ्यायची.