सायकल कुठली घ्यायची? आधी रस्ता सांगा!

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, पप्पा सायकल घेऊन देणार म्हणालेत. पुढं-मागं शॉकअप, जाड टायर, २१ गिअर. भारी आहे ना?"

मी विचारलं, "जाणार कुठं तिच्यावर?"

"कॉलेजला. आणि... असंच."

कॉलेज म्हणजे जुळे सोलापुरातून सात रस्त्यापर्यंत. तीन-चार किमी, बहुतेक सपाट डांबर. मी म्हटलं, ही नको घेऊस. साहेब रुसले. ताईचाही फोन आला, "दादा, पोराचा मूड कशाला घालवतोस?" तर मंडळी, ही पोस्ट त्या रुसव्यासाठी. फोनवर नीट सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

मीही हीच चूक केली आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. ते वाचलं आणि माझ्या अंगात आलं. पुढच्या वर्षी वाकड्या हँडलची, बोटभर टायरची रेसिंग सायकल घरी हजर! इतकं बारीक टायर म्हणजे हवा ठासून भरायची, १०० पीएसआयच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मनगटात. पाऊस संपला की रस्त्याकडेला सराटे, वर बाभळीचे काटे. एका महिन्यात इतके पंक्चर झाले की पंक्चरवाला म्हणाला, "मालक, पास काढून घ्या आता."

मग एका रविवारी तुळजापूरला निघालो. चाळीसेक किमी मजेत गेलो आणि घाटात उतरून सायकल ढकलली. शेजारून सत्तरीच्या आजी चालत पुढे गेल्या. त्यानंतर दोन वर्षं त्या सायकलीवर टॉवेल वाळत होते. मला वाटायचं, आपल्यात दमच नाही.

दम होता हो, गिअर नव्हता. त्या सायकलीत पुढचं लहान चाक ३९ दातांचं, मागचं मोठ्यात मोठं २५ चं. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात चाक दीड फेऱ्याहून जास्त फिरणार. पन्नाशीला टेकलेल्या गुडघ्यांना ते घाटात कसं झेपावं? नंतर ती विकून हायब्रीड घेतली. पुढं २८, मागं ३२. पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा पूर्ण फेराही होत नाही. मुंगीच्या वेगानं, पण न उतरता देवीपर्यंत पोचलो. माणूस तोच, घाटही तोच.

म्हणून माझं मत असं, की सायकल चुकली की माणूस सायकल सोडतो, आणि दोष मात्र स्वतःला देतो. पैसे वाया जातात त्याहून हे वाईट.

आपल्या गावाला खरं तर हे ठाऊक होतं. मिलचा भोंगा झाला की काळ्या सायकलींनी रस्ता भरायचा. २८ इंची चाकं, ताठ बसायला उंच हँडल, धोतर अडकू नये म्हणून चेनकव्हर, डब्याला कॅरिअर. वजन वीस किलोच्या आसपास, पण काम चोख. खोट एकच, उंच-बुटका सगळ्यांना मोजकीच मापं. आम्ही पोरं नळीखालून पाय घालून शिकलो ते त्यामुळेच.

तर भाचेबुवा, हिशेब सोपा आहे. रोज शहरात जायचं असेल तर मध्यम रुंदीचं टायर, मडगार्ड, कॅरिअर. शॉकअप नको. स्वस्त सायकलीतला शॉकअप वजन वाढवतो आणि पायातला थोडा जोर स्वतःच खातो. तुळजापूरचा घाट चढायचा असेल तर सोपा गिअर हवाच. अक्कलकोट-पंढरपूरसारख्या लांबच्या सरळ रस्त्यावर, कंबर लवत असेल तर, रेसिंग सायकलसारखं सुख नाही. आणि शेतातल्या वाटा असतील तर जाड टायर. फक्त पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि चाक फिरायचं थांबतं, तेव्हा सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेव!

सीटची उंचीही बघ. आपल्याकडे बरेच लोक सीट खाली ठेवून गुडघे दुखवून घेतात. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, ही साधी खूण.

आता तुझं ते 'असंच'. फोन ठेवल्यावर कळलं, मित्रांबरोबर हिप्परग्याच्या तलावाकडे कच्च्या वाटेनं जायचं असणार. मग तसं सांगायचं ना! ते कारण कॉलेजइतकंच खरं आहे. सोळाव्या वर्षी नुसत्या कॅरिअरसाठी कोण सायकल चालवतं? तसं असेल तर जाड टायर घे, पुढचा शॉकअपही घे. मागचा तेवढा सोड. ते वाचलेले पैसे चांगल्या ब्रेकला घाल.

आणि घाई करू नकोस. रविवारी ये, माझी सायकल आठवडाभर ने. कॉलेजला जा, तलावावर जा. शनिवारी गुडघे काय म्हणतात ते ऐक, मग दुकानात मी येतो बरोबर.

बाकी मंडळी, तुमच्या घरी टॉवेल वाळवणारी सायकल आहे का हो? तिला एकदा विचारा, चूक नक्की कुणाची ते :)