आधी ब्रेक, मग पिकअप!
आजोबांची पद्मिनी पडवीत धूळ खात पडलीये आणि तुमच्या डोक्यात नवं इंजिन घुमतंय? थांबा जरा! कुर्ल्यात बनलेल्या या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. ताकद दुप्पट केलीत, तरी कुंभार्ली घाट उतरताना गाडी थांबवणार तेच जुने ड्रम. ते तापले की ब्रेक लागेनासा होतो. म्हणून पहिला खर्च ब्रेक, टायर, सस्पेन्शनवर करा. इंजिन बदलायचंय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आरटीओची परवानगी आधी काढा. चिपळूणकर दोस्तांनो, घाट सुसाट चढून भाव कुणीही खाईल. सुखरूप उतरून दाखवेल तोच खरा ड्रायव्हर!