एकाच मातीतल्या दोन कादंबऱ्या

आमच्या घरात सध्या दोन जाडजूड पुस्तकांवरून वाद चालला आहे. एक भाच्याचे, एक आमचे. भाचा अकरावीला आहे, जळगावात आमच्याकडेच राहून शिकतो. त्याच्या उशाशी अमीश त्रिपाठी यांची मेलुहाची कादंबरी, आमच्या उशाशी भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’. तो म्हणतो, “खाला, तुमच्या पुस्तकात काही घडतच नाही.” आम्ही म्हणतो, तुझ्या पुस्तकात घडण्याशिवाय दुसरे काही नाही.

गंमत अशी की ही दोन्ही पुस्तके 2010 सालची, आणि दोन्ही सिंधूच्या काठावरून निघालेली. मेलुहा हे नाव मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर सापडते. ते सिंधूकाठच्या मुलखाचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अमीश यांनी त्यावर तलवारी, सोमरस आणि नागलोकांची अद्भुत दुनिया उभी केली. नेमाड्यांचा खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननात काम करणारा संशोधक. गावाकडे वडील अत्यवस्थ आहेत असे कळते, तो घराकडे निघतो, आणि वाटेत त्याच्या मनातले सगळे खानदेश उकरले जाते.

‘हिंदू’ घरात आणली त्या दिवशी अम्मीने कव्हर पाहिले आणि म्हणाली, “हे काय वाचतेस?” रागाने नव्हे. हल्ली अशा शब्दांनी घरात येताना जरा जपून यावे लागते, इतकेच. आम्ही तिला सांगितले की हा शब्दच मुळात सिंधू नदीवरून आला. इराणकडचे लोक ‘स’चा ‘ह’ करत, म्हणून सिंधूचे हिंदू झाले. नेमाड्यांनाही तो एका धर्मापुरता नको आहे. या भूमीवर थरावर थर साचत आलेल्या जगण्याला ते हे नाव देतात. अम्मीचे समाधान मात्र या पांडित्याने झाले नाही. ते झाले खालच्या ओळीने, ‘जगण्याची समृद्ध अडगळ’. ती हसली आणि माळ्याकडे बघितले. तिथे दादीचे पानदान आहे, कल्हई गेलेली देग आहे, काच फुटलेला कंदील आहे. दर रमजानच्या आधी ती ते सगळे खाली काढते, पुसते आणि परत वर ठेवते.

नेमाडे आपल्याच जिल्ह्यातले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. 2014 सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. तेव्हा वाचायला घेताना थोडा घरचा अभिमान होताच. तो पुष्कळसा खरा ठरला. शेतीचा जाच, भाऊबंदकी, बायकांचे न संपणारे कष्ट, हे सारे आमच्या ओळखीचे आहे. शिकून दूर गेलेल्या मुलाला वडिलांच्या आजारपणात जे वाटते, ते वाचताना आम्ही पुस्तक दोनदा मिटून ठेवले. पण सहाशेच्या आसपास पाने, आठवणीतून आठवण फुटते आणि मूळ धागा हातून सुटतो. शिव्या इतक्या की चार माणसांत मोठ्याने वाचायची सोय नाही. भाच्याने चाळिसाव्या पानावर हात टेकले, त्याला आम्ही दोष देत नाही. शिवाय आम्ही या गावात आमच्यासारखे एखादे घर शोधत होतो, अंगणातून नव्हे, चुलीपासून दिसणारे. आम्हाला हवे होते तितके ते मिळाले नाही. अर्थात लेखक कुणब्याचे घर लिहितो आहे, ते त्याचे आहे. आमची चूल त्याने का म्हणून पेटवावी?

मग भाच्याच्या हट्टापायी मेलुहा वाचली. दोन रात्रींत संपली, हे कबूल केले पाहिजे. पात्रे मात्र चार हजार वर्षांपूर्वीची असून आजच्या ऑफिसातल्या माणसांसारखी बोलतात. मेलुहाचा कारभार फारच चोख आहे, इतका की अंगावर येतो. तिथे तान्ही बाळे आईपासून काढून घेतात, एकत्र वाढवतात आणि मोठी झाल्यावर गुणांप्रमाणे दुसऱ्या घरांना वाटतात, म्हणजे जन्मावरून कोणी मोठे-लहान राहणार नाही. हेतू चांगला. अम्मीला हा भाग सांगितला तर ती म्हणाली, “मग आई कशाला म्हणायचं तिला?”

शेवट सांगतो आहोत, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी माफ करावे. ज्या चंद्रवंशींना दुष्ट मानून नायक लढाई जिंकतो, ते दुष्ट नव्हतेच. तेही त्याच तारणहाराची वाट पाहत होते. नायकाला हे युद्धानंतर कळते आणि तो कोसळतो. भाच्याला सगळ्यांत आवडलेली जागा हीच. ती का आवडली, ते त्याने बऱ्याच दिवसांनी सांगितले. ट्यूशनमध्ये त्याच्या हातात हे पुस्तक पाहून एक मुलगा म्हणाला होता, “यात तुझं काय काम?” त्याने उत्तर दिले नाही. पुस्तक दप्तरात टाकले आणि पुढचे भाग घरीच वाचले.

त्याच आठवड्यात आमच्या एका नातलगांनी उलट बाजूने तोच सवाल केला, की दुसऱ्यांच्या दैवतांच्या कहाण्या पोराला कशाला वाचू देता. आम्ही त्यांना अमीर हमजाची आठवण दिली. हजरत हमजा पैगंबरांचे चुलते. पण दास्तानमधले जिन, पऱ्या, तिलिस्म, अय्याराची सारे जग मावणारी झंबील हे सगळे रचलेले, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असे. अकबराने त्या दास्तानची सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली. लखनऊच्या नवल किशोर प्रेसने तिचे 46 खंड छापले. आमच्या नानीला त्यातल्या पाच-सहा कहाण्या तोंडपाठ होत्या. पाचही वक्ताची नमाज पढणारी बाई, तिचा ईमान काही त्या पऱ्यांनी नेला नाही. नातलग गप्प बसले, पटले की नाही ते सांगता येत नाही.

एक खंत आहे. त्या कहाण्या उर्दूत छापलेल्या आहेत आणि आम्ही मराठी शाळेत शिकलेले. नानी गेली, तशी ती दास्तान आमच्यासाठी माळ्यावर गेली.

आता ईशानंतर भाचा अम्मीला मेलुहाचा दुसरा भाग सांगतो, नागांचे रहस्य. मग आमची पाळी. आम्ही ‘हिंदू’ मोठ्याने वाचतो, शिव्या गाळत. परवा एका वाक्यावर आम्ही अडखळून पुढे गेलो, तर अम्मी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “इथं काहीतरी गाळलंस.”